ते पिवळं काय लागलंय?

जुलैतला मंगळवार होता. नौपाड्यात भावाकडे बाबांना भेटून आम्ही दोघी घरी निघालो होतो, मी आणि लेक. माजिवडा कसंबसं पार केलं, कापूरबावडीला एकदा अडकलो, आणि मग मानपाड्याच्या अलीकडे जे थांबलो ते थांबलोच. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. काचेला आतून वाफ धरलेली, एसी लावला की थंडी वाजते आणि बंद केला की बाहेरचं काही दिसत नाही, वरती मेट्रोच्या खांबांवरून पाण्याच्या जाड धारा थेट टपावर पडतायत, शेजारी एक सिमेंटचा मिक्सर गुरगुरतोय. मी पुढच्या टेम्पोच्या मागे लिहिलेली शायरी तिसऱ्यांदा वाचत होते आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

"आई, ते पिवळं काय लागलंय?"

मी खाली बघितलं. स्पीडच्या काट्याशेजारी एक छोटंसं चित्र पेटलं होतं, नळ बसवलेल्या पत्र्याच्या डब्यासारखं. चेक इंजिन. मी म्हटलं, "काही नाही."

ती गप्प बसली. टेम्पो दोन फूट पुढे गेला, आम्हीही दोन फूट गेलो. मग ती एकदम शांतपणे म्हणाली, "काही नाही तर लागलंय कशाला?"

आठ वर्षांच्या मुलीला त्यावर काय सांगणार. मी रेडिओ लावला.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री भांडी घासताना आठवलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉल चालू असताना आठवलं. दिवा रोज लागत होता आणि मी रोज काही नाही म्हणत होते, आता तर तिने न विचारताच मनातल्या मनात. खरं सांगायचं तर गाडी तशी नीट चालत होती, फक्त सिग्नलला उभी असली की इंजिनचा आवाज जरा वर-खाली व्हायचा, झोपलेल्या माणसाचा श्वास मध्येच अडकतो ना तसा. तो मला आधीपासून ऐकू येत होता का? येत असावा. आपल्याला हवं तेवढंच ऐकायची सवय असते.

आणि ही सवय आमच्या घराण्यातलीच आहे. डॉक्टरकडून घरी आलं की काय म्हणाले, तर काही नाही. फोन ठेवला की कुणाचा होता, तर कुणाचा नाही. मी सहावीत असताना बाबांची कंपनी बंद झाली, वागळे इस्टेटमधली, तिथे ते टर्नर होते. त्या काळात ठाण्यातल्या किती घरांत हे झालं असेल. पण आमच्या घरात ते झालंच नाही. बाबा रोजच्यासारखे सकाळी साडेसहाला डबा घेऊन स्कूटरवरून जात होते आणि संध्याकाळी परत येत होते, असं दोनेक महिने चाललं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला फक्त एवढं कळलं होतं की त्यांच्या शर्टाला वास येईनासा झालाय. लेथवर जॉबवर सोडतात ते कूलंट असतं ना, दुधासारखं पांढरं पाणी, त्याचा एक आंबूस तेलकट वास असतो, तो त्यांच्या कपड्यांना कायम असायचा, आई वैतागायची, बाकीच्यांचे कपडे वेगळे भिजवायची. आणि बुटांच्या तळव्यात लोखंडाचा कीस रुतलेला असायचा, दारात बूट काढले की फरशीवर ओरखडे उठायचे. तो वासही गेला आणि ओरखडेही. मी एकदा विचारलंसुद्धा, बाबा, आज तुम्हाला वास नाही येत. ते म्हणाले, काही नाही, मशीन बदललंय.

असो, गाडीबद्दल बोलू.

अकराव्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. कुठलं गॅरेज ते राहू दे. तिथल्या मुलाने कसलंसं यंत्र लावलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, आठ-नऊ हजार होतील. मी विचारलं, कोड काय आला, म्हणजे यंत्रावर बिघाडाचा नंबर काय दिसला? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याचा पगार विचारलाय. मग म्हणाला, "मॅडम, सरांचा नंबर द्या, मी त्यांना समजावतो." आता आमच्या सरांना, म्हणजे नवऱ्याला, गाडीत पेट्रोल कुठल्या बाजूने भरतात हे अजूनही उतरून बघावं लागतं. तो माणूस चांगला आहे, पण ते एक असो. मी चावी मागून घेतली आणि निघाले. दिवा लागलेलाच. राग गॅरेजचा होता की त्या दिव्याचा, तेव्हा कळलं नाही. घरी येऊन कोड वाचायचा स्कॅनर मागवला, मोबाईलमधल्या अ‍ॅपला जोडतात तसला, साडेसहाशेला, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा.

तो लावायचा सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतो, सोळा पिनांचा. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, आपल्याकडे ही ओबीडी-टू पद्धत, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतःच ओळखून नोंदवायची, एप्रिल २०१३ पासून आली. हे वाचताना मला एक गोष्ट नव्याने कळली, की हा दिवा मुळात आपल्यासाठी नाहीच. गाडी बंद पडेल, तुम्ही रस्त्यात अडकाल, याची त्याला फारशी पडलेली नसते. लॉस एंजेलिसच्या धुराला कंटाळून कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या मागे जो लकडा लावला त्यातून हे आलं. धुराड्यातून नको ते बाहेर पडायला लागलं किंवा पडायची शक्यता दिसली की दिवा लागतो. म्हणजे तो आपल्या मागे जे उभे असतात त्यांच्यासाठी आहे. दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश चालवत घरी जाता येतं, पण लुकलुकत असेल तर मात्र थांबायचं, कारण तेव्हा न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवत असतं, आणि त्याची किंमत ऐकून माणूसच तापतो.

तर मी पार्किंगमध्ये गाडीच्या दारातून अर्धी आत, अर्धी बाहेर, डोकं खाली घालून मोबाईलच्या उजेडात सॉकेट शोधतेय. पाठीला रग लागलेली. सॉकेट सापडला. त्याआधी पाच रुपयांचं नाणं सापडलं, एक क्लिप सापडली आणि शेजारच्या सीटच्या पायाशी, पार कोपऱ्यात, शेंगदाण्याची टरफलं. मूठभर असतील. माझं डोकं फिरलं. गाडीत खायचं नाही हे किती वेळा सांगितलंय. वर जाऊन लेकीला धरून विचारलं. ती म्हणाली, मी नाही खाल्ले. मी म्हटलं, मग काय मी खाल्ले? ती पुन्हा म्हणाली, मी नाही. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. तिचे डोळे भरले, ती आत निघून गेली, आणि मी मोठ्या रुबाबात परत खाली आले, गाडीचं खरं-खोटं तपासायला.

कोड होता पी०१७१. याला गॅरेजवाले मिक्सचर लीन म्हणतात. पेट्रोल नीट जळायला साधारण एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, आणि इथे हवा जास्त होतेय, कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवत-वाढवत थकला आणि शेवटी त्याने दिवा लावला, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी की हे सांगणारा माणूस, म्हणजे धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघणारा सेन्सर, तोच तो ऑक्सिजन सेन्सर. गॅरेजवाला म्हणत होता तो बदला. म्हणजे बातमी आणणाऱ्यालाच काढून टाका. कधी-कधी तो खराब असतोही, नाही असं नाही, पण आधी त्याचं म्हणणं ऐकायला काय हरकत आहे?

कोड हे उत्तर नसतं, पत्ता असतो, तोही गल्लीपर्यंतचा. पुढचं घर आपण शोधायचं. मला त्या अ‍ॅपमधलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे फ्रीझ फ्रेम. चूक नोंदली गेली त्या क्षणी गाडीत काय-काय चाललं होतं त्याचा फोटोच जणू. वेग शून्य. इंजिनचे फेरे मिनिटाला ७८०. पाणी ८८ अंश. आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती पेट्रोल जास्तीचं ओततोय ते, अधिक २३ टक्के. मी ते आकडे बघत बसले. वेग शून्य, इंजिन गरम. म्हणजे मानपाडा. टेम्पोची शायरी, काचेवरची वाफ, मागून आलेला तो प्रश्न, हे सगळं त्या चार आकड्यांत होतं.

मग इंजिन चालू ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबला, फेरे अडीच हजारांवर नेले. २३ वरून आकडा खाली-खाली येत सहावर आला. सोडला, परत चढला. असं मी चार-पाच वेळा केलं, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली तरी केलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी माझ्याशी सरळ बोलत होतं. पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असता तर जोर लावल्यावर दुखणं वाढलं असतं. इथे उलट, उभं असतानाच जास्त. म्हणजे हवा मोजून झाल्यावर पुढे कुठेतरी भोक आहे आणि तिथून चोरून हवा आत जातेय. इंजिन मंद चालताना आतली ओढ जास्त आणि एकूण हवा कमी, त्यामुळे एवढीशी चोरीसुद्धा मोठी दिसते. हवा मोजणारा सेन्सर सगळ्या गाड्यांना नसतो, काही गाड्या आतल्या दाबावरून अंदाज घेतात, त्यांचं गणित वेगळं. माझ्या गाडीला तो आहे म्हणून हे जमलं.

भोक आहे हे कळलं. कुठे आहे ते मात्र दोन दिवस सापडलं नाही. साबणाचं पाणी बाटलीत भरून जिथे-जिथे पाईप दिसला तिथे फवारलं, भोकाशी पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनचा सूर बदलतो म्हणे. गाडीचं तोंड स्वच्छ धुतलं गेलं, एवढाच फायदा. कुणीतरी उदबत्तीचा धूर धरून बघ म्हणालं. बॉनेटखाली पेट्रोलच्या वाफा असताना पेटलेली उदबत्ती! मी नमस्कार केला.

रविवारी बाबा आले. फोनवर मी बोलले होते, तर रिक्षा करून आले, खांद्याला पिशवी, पिशवीत त्यांचा पान्यांचा जुना डबा आणि कारलीसुद्धा, कारण लेकीकडे रिकाम्या हाताने यायचं नाही. बॉनेट उघडलं, चष्मा वर केला, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "यात इंजिन कुठंय?" सगळीकडे काळं प्लास्टिक. त्यांच्या स्कूटरचं बरं होतं, रस्त्यात बंद पडली की ती आडवी करायची, प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, आणि मी विचारायच्या आधीच म्हणायचं, काही नाही, कचरा आलाय. दोन किकमध्ये चालू. लहानपणी मला वाटायचं की जगात जे काही बिघडतं ते कचऱ्यामुळेच.

मी आकडे दाखवले. त्यांनी मोबाईल लांब धरून वाचले आणि मान हलवली, त्यांना कळलं की नाही कुणास ठाऊक. मग डब्यातून लेव्हल पाईपचा तुकडा काढला, गवंडी वापरतात तो पारदर्शक, हातभर लांब. एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं फिरवत न्यायचं, भोकापाशी आलं की फुसफुस ऐकू येते. स्वतः कानाला लावला आणि तसेच उभे राहिले. मग पाईप खाली केला. आयुष्यभर मशीनशेजारी उभं राहून त्यांचे कान गेलेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि आमच्या घरात कुणी ते बोलत नाही. मी हात पुढे केला, पण त्यांनी पाईप माझ्याकडे दिलाच नाही. जिन्यापाशी लेक उभी होती, टरफलांच्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलणारी, तिला हाक मारली. "इकडं ये. तुझे कान नवे आहेत."

केस घट्ट बांधून तिला स्टुलावर उभं केलं, पंख्याच्या आणि पट्ट्याच्या उलट बाजूला, मागून मी धरलेलं. ती कानाला पाईप लावून, आजोबा दुसरं टोक इंजिनवर हळूहळू फिरवतायत. इथं? नाही. इथं? नाही. मला तिच्या पाठीतून तिचा श्वास रोखलेला कळत होता. मग एकदम तिने हात वर केला, शाळेत करतात तसा. "इथं. इथं कुणीतरी फुसफुसतंय."

इंजिन बंद करून गार होईपर्यंत चहा झाला. कव्हर काढलं, टॉर्च आत घातला. इंजिनच्या पोटातल्या वाफा परत आत नेणारा एक रबराचा पाईप असतो, त्याच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा तुकडा गायब होता. कडेला दातांचे बारीक-बारीक ठसे, अगदी ओळीत. आणि त्याच्या मागे खोबणीत घरटं. बॉनेटच्या आतला फोम कुरतडून केलेली गादी, कुठल्याशा पिशवीचे तुकडे आणि शेंगदाण्याची टरफलं. भरपूर. वाकून बघणाऱ्या तिघांनाही दिसली.

लेक काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "सॉरी." ती म्हणाली, "मी सांगितलं होतं." तेवढंच. मग आजोबांना म्हणाली, "उंदराला पिल्लं होती का?" नव्हती, नशीब.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला तर पाच मिनिटांत पंधरा उपाय आले. तंबाखूची पानं बांधा, डांबराच्या गोळ्या ठेवा, फिनेल मारा, गाडी रोज हलवा. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की हे सगळे आमच्या पार्किंगमध्ये राहायला येतात, आणि गरम इंजिनपेक्षा उबदार जागा त्यांना तरी कुठे मिळणार. मी तंबाखू बांधली आहे. उपयोग होतो की नाही माहीत नाही, पण गाडीला बाबांच्या जुन्या मित्रांसारखा वास येतो.

संध्याकाळी पाऊस एवढा वाढला की रिक्षा मिळेना आणि बाबांना राहावं लागलं. लेकीच्या घरी राहायला त्यांना अजूनही अवघडल्यासारखं होतं, सोफ्याच्या कडेवर बसतात, पाणीसुद्धा मागून घेत नाहीत. सोमवारी मी सुट्टी टाकली. जुना पाईप पिशवीत घालून आम्ही दोघं गावात स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पाईप बोटांत फिरवून बघितला, "उंदीर?" म्हणाला आणि आत गेला. साधा पाण्याचा पाईप घेऊ नका, तेलाच्या वाफेने महिन्याभरात फुगतो, हे त्याने न विचारता सांगितलं. पाईप आणि दोन क्लिपा मिळून ३४० रुपये.

बसवायला वीस मिनिटं लागली. बाबा क्लिप आवळत होते, मी टॉर्च धरला होता. पाऊस पत्र्यावर वाजत होता. दोघांचेही डोळे त्या क्लिपवर होते म्हणूनच बहुतेक विचारता आलं. "बाबा, कंपनी बंद झाल्यावर तुम्ही रोज सकाळी जायचात कुठे?"

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. त्यांनी आणखी अर्धा आटा दिला, पाईप ओढून बघितला.

"आधी तलावपाळी. मग ग्रंथसंग्रहालय उघडलं की तिथं. पेपर वाचायचो सगळे." मग थोड्या वेळाने, "तिथं पंखा होता."

आणि मग, "तुला कसं कळलं?"

मी वासाचं सांगितलं. ते हसले नाहीत, काही बोललेही नाहीत, हाताला लागलेलं काळं जुन्या पंचाला पुसत राहिले, एकेक बोट. टॉर्च जरा खाली धर, म्हणाले. खाली धरायला तिथे काही उरलं नव्हतं, तरी मी धरला.

दिवा अ‍ॅपमधून एका बटणाने घालवता येतो. मी घालवला नाही. तीन वेळा लागोपाठ, तशाच परिस्थितीत, गाडी बिनचूक चालली की तो आपोआप जातो, आणि तशी परिस्थिती आमच्या रस्त्यावर रोजच असते. ट्रिमचा आकडा पहिल्याच दिवशी तिनावर आला. लेकीने वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला सुरुवात केली.

शुक्रवारी सकाळी चावी फिरवली. सगळे दिवे एकदम लागतात, तसे लागले. इंजिन चालू झालं, एकेक विझले, आणि तोही विझला. ती मागून पुढच्या दोन सीटांमध्ये डोकं घालून बघत होती.

"गेलं?"

"गेलं."

"म्हणजे आता काही नाही?"

मी हो म्हणणार होते. मग मोबाईल काढला आणि तिला दाखवलं. दिवा गेला तरी कोड आतमध्ये शिल्लक असतो, अजून चाळीस वेळा गाडी अशीच गरम होऊन बिनबिघाड चालली की मग तो पुसला जातो. तिने पी०१७१ हे बोट ठेवून वाचलं.

"म्हणजे गाडीला आठवतंय."

"हो."

"चाळीस वेळा?"

मागून कुणीतरी हॉर्न दिला. तिने वही काढली आणि नवीन पान घेतलं. मी गाडी गेटबाहेर काढली, बाहेर रिपरिप चालूच होती, आणि कासारवडवलीच्या सिग्नलपाशी पोचेपर्यंत पुढे सगळे लाल दिवे लागलेले होते.